नौकाविहारातील सुरक्षितता

करमणूक, व्यायाम, गळाने मासे पकडण्याचा छंद किंवा पर्यटन यांसाठी वल्ह्याच्या, शिडाच्या अथवा यांत्रिक नौकेतून केलेल्या जलसंचारास नौकाविहार म्हणतात. अशा संचारात नौका उलटणे, टक्कर, आग व बुडून मृत्यू या आपत्ती टाळण्यासाठी घ्यावयाच्या खबरदारीचा, तसेच आपत्ती ओढवल्यावर करावयाच्या उपायांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. व्यापारी जहाजावरील सुरक्षिततेपेक्षा हा विषय निराळा आहे. जहाजावर शिकलेले खलाशी व संदेशयंत्रणा असते आणि तपासणीची दीर्घ परंपरा त्याच्या पाठीशी असते. विहाराच्या नौकेत बसणाऱ्या बहुतेकांना पोहता येत नाही, नौकेचे गुणधर्म ठाऊक नसतात आणि तिच्या चालकास काही विचारावे असेही सहसा सुचत नाही.

महाराष्ट्रात अलीकडे घडलेल्या अपघातांपैकी बरेचसे शांत पाण्यात, किनारा डोळ्यांसमोर असताना घडलेले आहेत. वादळात विहारास कोणी निघत नाही. त्यामुळे संकटाची कारणे बहुधा नौका धक्क्यावरून सुटण्यापूर्वीच तयार झालेली असतात आणि ती टाळण्याची खरी संधीही तेथेच असते. पुढील विवेचनात मुंबई उपनगरातील वांद्रे येथील पाण्याचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे. कारण खाडीचे मुख, उथळ उपसागर, खडकाळ किनारा व बंदिस्त तलाव हे नौकाविहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे सर्व प्रकार तेथे अगदी जवळजवळ आढळतात.

माहीमचा उपसागर : वरळी व वांद्रे यांच्या दरम्यान पश्चिमेस अरबी समुद्राकडे उघडणारा हा उथळ उपसागर आहे. विहार व पवई तलावांच्या परिसरातून येणारी सु. १८ किमी. लांबीची मिठी नदी माहीमच्या खाडीवाटे त्यास मिळते. उपसागराच्या उत्तर टोकावर पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला वांद्र्याचा किल्ला असून त्यापुढील बँडस्टँडचा किनारा खडकाळ आहे. ओहोटीस उघडे पडणारे हे खडक भरतीत पूर्णपणे झाकले जातात. नवख्या चालकाला तेथे मोकळे पाणी असल्याचा भास होतो.

या पाण्याची दुष्कीर्ती जुनी आहे. माहीम व वांद्रे यांमध्ये रस्ता नव्हता, तेव्हा दोन्ही बेटांमधील वाहतूक तरींतून चाले व पावसाळ्यात ती फार धोक्याची असे. १८४१ मध्ये येथे १५ ते २० होड्या उलटल्याची नोंद आढळते. बांधरस्त्यासाठी खर्च करण्यास सरकार तयार नसल्याने सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता (कॉजवे) खुला झाला. एका अर्थी हा रस्ता म्हणजे नौकेच्या सुरक्षिततेवरील तत्कालीन उपाय होता; पाणी धोक्याचे आहे, तर त्यावरून जाणेच थांबविण्यात आले. नौकाविहाराच्या बाबतीत असा उपाय संभवत नाही. ज्यास पाण्यातच जावयाचे आहे, त्याला त्या पाण्याची चाल ओळखावी लागते.

भरती-ओहोटी : मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांत सु. सहा तास बारा मिनिटांचे अंतर असते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपासच्या उधाणाच्या भरतीत पाण्याच्या पातळीतील फरक ४ मी. किंवा अधिक भरतो. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत तो बराच कमी असतो. वेळ ठरविण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकास पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे तासांत मिळते. अमावास्येस व पौर्णिमेस दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास पाणी भरलेले असते आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशोब दोन्ही पंधरवड्यांना सारखाच लागू पडतो. त्यावर संपूर्ण विसंबून न राहता छापील भरती-कोष्टक पाहणे अवश्य असले, तरी कोष्टक हाताशी नसताना तो उपयोगी पडतो आणि कोष्टक वाचण्यात झालेली चूकही त्यावरून ध्यानात येते.

पातळी सर्व सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक असे पाणी उतरते. उतार ४ मी. असल्यास पहिल्या तासात पातळी जेमतेम ३३ सेंमी. खाली जाते, परंतु तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून २ मी. पाणी निघून जाते. खाडीच्या अरुंद मुखाशी प्रवाहाचा सर्वाधिक जोर याच दोन तासांत असतो. पहिल्या तासाचा संथपणा पाहून निघालेली वल्ह्याची होडी परतताना या प्रवाहात सापडते. शिवाय उपसागर उथळ असल्याने जाताना जेथे पुरेसे पाणी होते, तेथे परतताना चिखल किंवा खडक लागण्याचा संभव असतो. नौका रुतल्यास तिच्यातून उतरून चालत किनारा गाठण्याचा मोह आवरावा लागतो. खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत पाय रुतल्यावर स्वतःहून निघणे कठीण असते आणि पुढील भरती त्याच जागी येते. अशा वेळी नौकेतच बसून मदत मागावी किंवा पाणी चढण्याची वाट पाहावी.

वारे : ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्यावर दिवसा खारे वारे व रात्री मतलई वारे वाहतात. मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असून सकाळी काही वेळ टिकून असतात. त्यांचा धोका लवकर ओळखू येत नाही. इमारती व झाडे यांच्या आडोशामुळे किनाऱ्यालगतचे पाणी अगदी निवांत दिसते. हवा भरलेली तराफी, फळीवर उभे राहून वल्हविण्याची साधने व हलक्या होड्या मात्र नकळत बाहेर ढकलल्या जातात आणि जसजसा आडोसा सुटतो, तसतसा वारा वाढत जातो. म्हणून सकाळच्या विहारात जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवावे व येताना वारा पाठीशी घ्यावा, असा सर्वसाधारण नियम सांगतात. थकवा परतीच्या वाटेवर येतो, हे त्याचे कारण.

दुपारी वाहू लागणारे खारे वारे पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतात. त्याच वेळी ओहोटी असेल, तर पाणी पश्चिमेकडे जाते व वारा त्याच्या समोरून येतो. प्रवाह व वारा समोरासमोर आले म्हणजे लाटा आखूड, उभ्या व फुटणाऱ्या होतात. द्वितीयेचे उदाहरण घेता येईल. वरील ठोकताळ्याप्रमाणे पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास येते. ओहोटीचा सर्वाधिक जोर साडेतीन ते साडेपाच या वेळात असतो आणि खाऱ्या वाऱ्यांचा जोरही तेव्हाच असतो. भरल्या पाण्यात दोन वाजता किल्ल्याच्या टोकाकडे सहज गेलेल्या मंडळींना त्याच जागी साडेचार वाजता निराळाच समुद्र भेटतो. हवामानात कोणताही बदल झालेला नसतानाही हे घडते, त्यामुळे केवळ हवामानाचा अंदाज पाहून निघणे पुरेसे होत नाही.

जून ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खुल्या समुद्रावरील विहार वर्ज्य समजावा. राज्याच्या किनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. ती मुख्यतः माशांच्या प्रजननासाठी असली, तरी कोळी समाजात नारळी पौर्णिमेपूर्वी होड्या समुद्रात न लोटण्याचा जो प्रघात होता, त्यामागे खवळलेल्या दर्याचा अनुभव आहे. पावसाळ्यापूर्वीचे दिवसही बेभरवशाचे असतात. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या पाण्यात नांगरलेली एक तरंगती उपाहारनौका मे २०१८ मध्ये कलंडून बुडाली. तिच्यावरील सर्वांची सुटका झाली. नांगरलेली नौका स्थिर इमारतीप्रमाणे सुरक्षित असते, हा समज मात्र त्या प्रसंगाने खोटा ठरला. दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा किनाऱ्यावर वारा नसतानाही येऊन धडकतात. त्यांच्या पूर्वसूचना हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते, तर वादळ व वेगवान वारे यांचे इशारे भारतीय हवामानशास्त्र विभाग प्रसृत करतो.

सागरी सेतूचे खांब : वांद्रे–वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी वाहतुकीस खुला झाला. वांद्र्याच्या बाजूस तारांनी तोललेल्या भागात प्रत्येकी २५० मी. लांबीचे दोन गाळे असून मासेमारी नौकांची ये-जा त्यांखालून होऊ शकते. इतरत्र बहुतेक खांबांमधील अंतर सु. ५० मी. आहे. कोणत्याही पुलाच्या खांबांमधून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व खांबांच्या मागे भोवरे तयार होतात. लहान होडी प्रवाहाने खांबावर आडवी दाबली गेल्यास प्रवाहाकडील काठ खाली जाऊन ती भरते. अशा वेळी बसलेल्यांनी खांबाच्या बाजूस झुकावे. घाबरलेला मनुष्य नेमका उलट दिशेस मागे सरतो. खाडीतून वाहत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व जाळ्यांचे तुकडे पंख्यास गुंडाळले जाऊन इंजिन बंद पडणे, हीदेखील या भागातील नेहमीची अडचण आहे. यांत्रिक नौकेतही वल्ही, नांगर व पुरेसा लांब दोर असणे म्हणून आवश्यक ठरते. इंजिन बंद पडताच नांगर टाकणे, हे चालकाचे पहिले कर्तव्य होय, दुरुस्ती त्यानंतर.

स्थैर्य व भार : नौका एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, तेथे पाण्याचा वर ढकलणारा जोर वाढतो आणि नौका पुन्हा सरळ होते. तिचा व तिच्यातील माणसांचा मिळून असलेला गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ही क्रिया प्रभावी असते. बसलेली माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो. ती एका बाजूस सरकली की तो त्या बाजूस सरकतो. सरासरी ६० किग्रॅ. वजनाची वीस माणसे मिळून १,२०० किग्रॅ. भरतात. लहान लाकडी लाँचच्या मानाने हा भार इतका मोठा असतो की, तो एकदम उजवीकडून डावीकडे गेल्यास नौका सावरणे बहुधा अशक्य होते. डहाणू येथे १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली नौका किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर उलटली व तीन मुलींचा मृत्यू झाला; छायाचित्रे काढण्यासाठी मुले एका बाजूस आल्याचे तेव्हा सांगण्यात आले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईजवळ काशाच्या खडकानजीक बुडाली आणि ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. तीही भर पावसाळ्यात गर्दीने भरलेली होती, आणि पाणी आत येताच प्रवाशांनी एका बाजूस धाव घेतल्याचे सांगितले जाते.

नौकेत शिरलेले पाणी हा दुसरा, पुष्कळदा दुर्लक्षिला जाणारा भार होय. ६ मी. लांब व दीड मीटर रुंद तळावर १० सेंमी. पाणी साचले, तर त्याचे वजन सु. ९०० किग्रॅ. म्हणजे पंधरा प्रौढ माणसांइतके होते. घोट्यापर्यंतचे पाणी म्हणून बसणारे त्याकडे लक्ष देत नाहीत. त्यातही माणसे एका जागी बसवता येतात, पाणी बसवता येत नाही. नौका ज्या बाजूस कलेल, त्याच बाजूस ते धावते व कल वाढविते. यासाठी पाणी उपसण्याचे साधन हाताशी असावे आणि तळात पाणी दिसताच उपसण्यास प्रारंभ करावा.

मालवाहू जहाजांवर भारमर्यादेची रेषा रंगविण्याची सक्ती इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्याने झाली. लहान प्रवासी नौकांवर अशा रेषेऐवजी प्रवाशांची कमाल संख्या ठरवून दिलेली असते. ही संख्या शांत पाणी व सर्वजण जागेवर बसलेले गृहीत धरून काढलेली असल्याने वारा असता तीदेखील जास्तच समजावी. मुले ‘अर्धी’ धरण्याची धक्क्यावरील पद्धत वजनाच्या दृष्टीने क्षम्य वाटली, तरी जाकिटांच्या हिशोबात ती चालू शकत नाही. तेथे प्रत्येक मूल एक पूर्ण प्रवासी असते. पाण्याच्या वर उरलेली काठाची उंची पाहणे, ही कोणासही करता येण्यासारखी परीक्षा आहे. सर्व माणसे बसल्यावर काठ पाण्यापासून वीतभरच वर राहत असेल, तर उतरून पुढच्या फेरीची वाट पाहणे इष्ट.

जीवरक्षक जाकीट : माणसाचे शरीर पाण्यापेक्षा किंचितच जड किंवा हलके असते, फुफ्फुसांत हवा असता बहुतेक माणसे समुद्राच्या पाण्यात तरंगतातही. अडचण अशी की, तोंड व नाक पाण्याबाहेर राहतील इतके ती तरंगत नाहीत. तेवढ्यासाठी थोडासाच जादा उचल पुरतो व तो जाकीट देते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पोहता येणाऱ्यांसाठी किनाऱ्यालगत ५० न्यूटन, आडोशाच्या पाण्यात १०० न्यूटन आणि खुल्या समुद्रावर १५० न्यूटन उचल देणारे प्रकार ठरविलेले आहेत. १०० न्यूटन म्हणजे सु. १० किग्रॅ. वजन उचलण्याइतका जोर होय. पहिला प्रकार हा केवळ पोहण्यास साहाय्य करणारा आहे. बेशुद्ध माणसाचे तोंड वर वळविण्याची क्षमता त्यात नसते. न पोहणाऱ्यास तो देणे चूक होय.

जाकीट नौकेवर असणे व ते अंगात असणे यांत जीवनमरणाचा फरक आहे. अमेरिकेतील तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत विहाराच्या नौकांवरून बुडून मेलेल्यांपैकी दर वर्षी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी जाकीट घातलेले नव्हते, असे आढळते. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या नीलकमल या प्रवासी नौकेवर १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी नौकेस ८४ प्रवाशांची परवानगी होती, तर तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. बहुतेकांच्या अंगात जाकिटे नव्हती. त्यानंतर गेटवेवरून निघणाऱ्या नौकांवर जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. बाकाखाली रचून ठेवलेली किंवा छतास दोरीने बांधलेली जाकिटे टक्कर झाल्यावर मिळत नाहीत आणि मिळाली, तरी पाण्यात असताना ती अंगात चढविणे धडधाकट माणसासही जड जाते. उकाडा व अस्वच्छता या कारणांनी लोक जाकीट नाकारतात. तक्रार खोटी नसते, परंतु तिचे उत्तर जाकिटे धुऊन व वाळवून ठेवण्यात आहे आणि ते काम नौका चालविणाऱ्यांचे आहे.

जाकीट मापाचे असावे लागते. मुलास मोठ्यांचे जाकीट घातल्यास पाण्यात पडताच ते वर सरकते व मूल खालून निसटते. मुलांच्या जाकिटास म्हणूनच मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो. बंद घातल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असल्यास सैल आहे असे समजावे. हवा भरून फुगविण्याच्या प्रकारातील जाकीट बंदिस्त किंवा छत असलेल्या नौकेत कधीही फुगवू नये. नौका उलटली म्हणजे ते घालणारा छताकडे ढकलला जातो व त्यास बुडी मारून बाहेर पडता येत नाही. छताच्या नौकेत फेसाळ पदार्थाचे जाकीट घातलेल्यांनीही शक्य तो उघड्या बाजूजवळ बसावे.

तलावांतील विहार : लहान पाणी म्हणजे निर्धोक पाणी, ही समजूत उपनगरांत सर्वत्र आढळते. वांद्रे येथील स्वामी विवेकानंद सरोवरात १९९० नंतरच्या दशकात पायाने चालविण्याच्या होड्या होत्या. अशा होड्या रुंद व स्थिर असतात. त्यांतील अपघात प्रामुख्याने एका होडीतून दुसरीत जाताना किंवा धक्क्यावर उतरताना होतात. तलावात प्रवाह व लाटा नसल्या, तरी तळाशी गाळ व पाणवनस्पती असतात आणि त्यांत पाय अडकल्यास निष्णात पोहणाराही बुडू शकतो. गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा थोडे कमीच तरंगते. पवई तलावात डिसेंबर २०१६ मध्ये रात्रीच्या वेळी होडी उलटून तिघांचा मृत्यू झाला. काळोखात पाण्यात पडलेला मनुष्य कोठे आहे, हे काही मीटरांवरूनही समजत नाही; तेव्हा अंधारात तलावावर होडी नेऊच नये, असा नियम करणे योग्य.

यांत्रिक नौका : समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये संमत होऊन १९७७ पासून अंमलात आले व ते लहान नौकांनाही लागू आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे, अरुंद मार्गात उजव्या बाजूने जावे, मागून येऊन पुढे जाणाऱ्याने दुसऱ्यास वाट द्यावी, हे त्यांतील मुख्य नियम. रस्त्यावर डावीकडून चालण्याची सवय असलेल्या भारतीय चालकास उजवीकडे वळणे मुद्दाम शिकावे लागते. रात्री नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा व मागे पांढरा दिवा लावतात. दुसऱ्या नौकेची दिशा आपल्या दृष्टीने बदलत नसेल आणि ती जवळ मात्र येत असेल, तर टक्कर होणार असे निश्चित समजावे. ताशी २० सागरी मैल वेगाने जाणारी नौका सेकंदास सु. १० मी. अंतर कापते, ३०० मीटरांवर दिसलेली वस्तू अर्ध्या मिनिटात समोर येते. पाण्याखालील खडक तर तेवढाही अवधी देत नाहीत. अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक वेगनौका २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून बुडाली व एकाचा मृत्यू झाला.

वेगनौका व जलस्कूटर यांच्या चालकाच्या मनगटास वा कमरेस एक दोरी अडकविलेली असते. चालक फेकला गेल्यास ती निसटून इंजिन बंद पडते. गैरसोय वाटून ती न अडकविणारा चालक स्वतःस व पाण्यातील इतरांस पंख्याच्या तोंडी देतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळात साचते. इंधन भरताना माणसे उतरवावीत व तळातील हवा खेळती झाल्यावरच इंजिन सुरू करावे. मद्यपानाचा धोका सर्वज्ञात असला, तरी पाण्यावर तो चालकापुरता मर्यादित नसतो. तोल जाऊन काठावरून पडणारा बहुधा प्रवासीच असतो.

आपत्तिप्रसंगी : नौका उलटल्यावर ती बहुधा लगेच तळास जात नाही. तिला धरून राहावे, शक्य तर पालथ्या तळावर चढावे आणि सर्वांनी एकत्र राहावे. पाण्याच्या पातळीवरून किनारा आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. पोहत निघालेले बरेचजण अर्ध्या वाटेत थकतात, शिवाय एकटे डोके लाटांत दिसत नाही व पालथी नौका दुरून दिसते. मुंबईजवळील समुद्राचे पाणी वर्षभर उबदार असल्याने थंडीने गारठून मरण येण्याची भीती युरोपातील समुद्रांच्या मानाने फारच कमी आहे. तरंगत राहणाऱ्यास काही तास सहज काढता येतात. घाईने निर्णय घेण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

कोणी पाण्यात पडल्यास ओरडून चालकास सावध करावे, एकाने त्याच्यावरील नजर न हलविता बोटाने दिशा दाखवीत राहावे व तरंगणारी कोणतीही वस्तू त्याच्याकडे फेकावी. जवळ जाताना पंखा थांबविणे अत्यावश्यक आहे. बुडणाऱ्याच्या सुटकेसाठी उडी घेणे हा शेवटचा उपाय होय. वांद्र्याच्या बँडस्टँडवर जानेवारी २०१६ मध्ये छायाचित्र काढताना तीन मुली लाटेने ओढल्या गेल्या. दोघी वाचल्या, तिसरी मुलगी व मदतीसाठी पाण्यात उतरलेला एक स्थानिक रहिवासी मात्र बुडाले. दोर, वल्हे, रिकामा डबा, गाठ मारलेली साडी यांपैकी काहीही पोहणाऱ्या माणसाआधी पाण्यात जावे, असा बचावकार्यातील क्रम आहे.

नियंत्रण व मदत : राज्यातील प्रवासी व विहाराच्या नौकांची तपासणी आणि परवाने यांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ (स्थापना १९९६) पाहते. १९१७ पासून चालत आलेल्या कायद्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने घेतली असून नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता व जीवरक्षक साधने यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. प्रवाशास नौकेवर परवान्याची प्रत व प्रवासीसंख्या पाहण्यास मागता येते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. समुद्रावरील शोध व बचाव यांचे सूत्रसंचालन भारतीय तटरक्षक दलाकडे (१९७७) असून मुंबई येथे त्याचे समन्वय केंद्र आहे. दूरध्वनीवरून १५५४ हा क्रमांक व सर्वसाधारण आपत्तीसाठी ११२ हा क्रमांक वापरतात. बिनतारी यंत्र असल्यास अत्युच्च कंप्रता पट्ट्यातील सोळाव्या वाहिनीवर ‘मे-डे’ हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप व माणसांची संख्या सांगावी. ठिकाण सांगताना ‘वांद्र्याजवळ’ एवढे पुरत नाही. किल्ल्याच्या टोकापासूनची दिशा व अंदाजे अंतर, किंवा सेतूच्या तारांच्या मनोऱ्यापासून कोणत्या बाजूस, हे सांगितल्यास शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होते. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील एका माणसाजवळ माणसांची संख्या व परतण्याची वेळ लिहून ठेवावी आणि त्या वेळेनंतर किती थांबून तटरक्षक दलास कळवावयाचे, तेही ठरवून द्यावे.